पोफळीची वीज आणि आमच्या वाडीतला खांब

मागच्या गणपतीत घरी होतो. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला. संध्याकाळच्या आरतीला टाळ वाजायला लागले आणि लाइट गेली. कुणी दचकलं नाही. समया होत्याच. आरती झाली, प्रसाद वाटला आणि पडवीत अंधारातच वाद सुरू झाला.

चिपळूणचे आमचे दादा म्हणाले, "पोफळीचं वीज केंद्र आपल्या जिल्ह्यात, दाभोळचं आपल्या जिल्ह्यात, जयगडचं आपल्या जिल्ह्यात. जमिनी आपण द्यायच्या आणि वीज जाते मुंबईला. आधी कोकणाला द्या, उरली तर वर पाठवा." पुण्याला आयटीत असलेला पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्याकडे इंग्लंडात सगळं खासगी आहे, म्हणून लाइट जात नाही. इथेही देऊन टाका खासगीला, प्रश्न मिटला."

त्या रात्री मी दोघांनाही धड उत्तर दिलं नाही. इथे इंग्लंडात परतल्यावर महिनाभर तेच मनात घोळत राहिलं.

दादांचं दुखणं खरं आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं आणि पोफळीला त्याची वीज होते. सगळे टप्पे मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट. पण ती वीज पोफळीला कुठल्या टाकीत साठत नाही, की आधी आपली घागर भरून घेता येईल. देशाचं ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं, एक आहे. २०१३ सालच्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण भारत उरलेल्या देशाला जोडला गेला. तेव्हापासून उत्तरेपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रं ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, एकाच तालावर चालतात. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही की ताल मंदावतो, उलट झालं की चढतो. तो सांभाळायला दिल्लीत राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आहे, मुंबईत पश्चिम विभागाचं आणि ऐरोलीला राज्याचं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात कोण किती वीज देणार आणि कोण किती घेणार हे आधी लिहून द्यावं लागतं. त्यापासून ढळलात की त्याचे पैसे भरायचे.

या रचनेत कोयनेचं मोल फार मोठं आहे. कोळशाचा संच थंड पडला की पुन्हा तापायला कित्येक तास घेतो, पाण्यावरचा काही मिनिटांत भार उचलतो. मात्र पश्चिमेला किती पाणी सोडायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाची मर्यादा घातलेली आहे, म्हणून ते पाणी संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून वापरावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यापुरतं वेगळं ग्रिड केलं, तर पोफळीचा एक संच बंद पडताच सगळा जिल्हा अंधारात जाऊ शकेल. आज तसं झालं तर छत्तीसगड किंवा गुजरातची वीज आपल्याला सावरून घेते आणि आपल्याला कळतही नाही. मुंबईला वीज जाते म्हणून आमच्या वाडीत अंधार होतो, हे मला पटत नाही.

मग अंधार कशाने होतो? याचं उत्तर मला २०२० सालाने दिलं.

५ एप्रिल २०२०. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. आईने खळ्यात पणत्या लावल्या आणि मला व्हिडिओवर दाखवल्या. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच वर चढली. ग्रिड कोसळेल अशी भीती जाणकारांनाही होती. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी, आपल्या कोयनेनेही, निर्मिती झपाट्याने उतरवली आणि पुन्हा चढवली. वारंवारता, म्हणजे तोच ताल, ४९.७० आणि ५०.२६ हर्ट्झ यांच्या मध्येच राहिली. २०१२ च्या जुलैत ज्या देशात सलग दोन दिवस ग्रिड पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींवर लोकवस्तीच्या भागाची वीज गेली होती, त्याच देशाने हे करून दाखवलं. मला त्या रात्री अभिमानाने भरून आलं होतं, आजही येतं.

मग १ जून २०२० ला विजेचा तत्काळ बाजार सुरू झाला. दर अर्ध्या तासाला लिलाव, आणि घेतलेली वीज जेमतेम तासाभराने तारेत. वितरण कंपनीला आयत्या वेळी वीज कमी पडली तर ती आता तिथून घेता येते.

आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे माड, आंबे, पोफळी तारांवर आडव्या झाल्या. आईचा फोन त्याच दिवशी बंद पडला. वाडीत लाइट यायला तीन आठवडे लागले. ग्रिडमध्ये वीज होती, बाजारात वीज होती, पोफळीला पाणी होतं. आमच्या वाडीत खांब नव्हता. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाइनमन चिखलात खांद्यावरून खांब वाहत होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण लाइट कधी येणार हे आईला एकदाही कुणी सांगितलं नाही, आणि हे मी विसरलेलो नाही.

आता पुतण्याचं बोलणं. मी राहतो नॉर्थम्बरलँडमध्ये, स्कॉटलंडच्या सीमेजवळ. इथे १९९० मध्ये वीज क्षेत्राचं खासगीकरण झालं. २६ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री आर्वेन वादळ आलं, झाडं तारांवर पडली आणि देशभरात दहा लाखांवर घरांची वीज गेली. आमची पाचव्या दिवशी आली. जवळपास चार हजार घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात होती, तीही ऐन थंडीत. फोन लावला की तासभर वाट पाहायची, आणि उत्तर काय, तर 'उद्या'. कंपनी खासगी होती आणि तारा आमच्या वाडीसारख्याच खांबांवरून गेलेल्या होत्या.

फरक नंतर दिसला. नियामकाने चौकशी केली, अहवाल सगळ्यांना वाचायला खुला केला, कुठे कोण कमी पडलं ते त्यात लिहिलं. ग्राहकांना सुमारे तीन कोटी पौंड भरपाई मिळाली. ती निव्वळ कंपनीच्या मेहरबानीने मिळाली नाही, भरपाईचा नियमच होता. आणि याच इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२४ ला ग्रिड चालवण्याचं काम खासगी समूहाकडून काढून सरकारी मालकीच्या संस्थेकडे दिलं. बाजार ठेवला, पण सुकाणू सार्वजनिक केलं. आपल्याकडे ते मुळापासून सार्वजनिकच आहे. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले वीज कर्मचारी समांतर परवान्याच्या, म्हणजे सरकारी कंपनीच्याच भागात खासगी कंपनीलाही वीज वाटू देण्याच्या, विरोधात संपावर गेले तेव्हा, आणि नंतर स्मार्ट मीटरवरून आरडाओरड झाली तेव्हाही, मला एक गोष्ट खटकत राहिली. मालक कोण यावर सगळे बोलले. दापोलीच्या डोंगरातल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे येणाऱ्या लाइनवर, वर्षातून किती तास लाइट नसते, हे कुणी विचारलं नाही. खासगी कंपनीला मुंबईची उपनगरं हवी असतात. एका डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) वीस घरं आणि मध्ये दोन किलोमीटर जंगल, असा ग्राहक कोण मागून घेईल? आमची वाडी सरकारी कंपनीच सांभाळणार आहे. तेव्हा तिच्याकडूनच हिशेब मागायला हवा: पावसाच्या आधी फांद्या तोडल्या का, किनाऱ्याजवळच्या तारा जमिनीखालून कधी नेणार, झंपर (खांबावरची जोडतार) तुटला तर किती तासांत जोडणार. २०२० च्या अखेरीस केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम केले, त्यांत भरपाईची तरतूद आहे. आमच्या वाडीत ती कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. मागितलीच नाही, असंही असेल.

मागायची तर नोंद हवी. आई कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिते. दिवाळीपासून त्याच चौकटीत ती लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहू लागली आहे, शेजारच्या दोन घरांतही लिहितात. मे महिन्यात मी जाणार आहे. दादा म्हणालेत, पानांच्या झेरॉक्स काढून दापोलीच्या कार्यालयात द्यायला तेही बरोबर येतील, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.