शेजारी पेशी, ल्युकेमिया आणि तुमचे आक्षेप

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, म्हणून सविस्तरच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, जनुकांतल्या बिघाडाने होतो, त्याचं खापर मी माझ्या लेखात शेजारच्या निरोगी पेशींवर फोडलं. आणि पुरावे सगळे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले.

बिघाड कर्करोगी पेशीतच होतो, यावर आपलं एकमत आहे. बिघडलेली पेशी तगते कशी, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता. सीएलएल या संथ ल्युकेमियाच्या पेशी शरीरात वर्षानुवर्षं साठत जातात, पण रक्तातून काढून एकट्या ठेवल्या की काही दिवसांतच मरू लागतात. यान बर्गर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की रुग्णांच्याच रक्तातल्या काही पेशी बशीला चिकटून मोठ्या होतात आणि त्यांच्या सोबतीत सीएलएलच्या पेशी जगतात. अस्थिमज्जेतल्या आधार पेशी तर त्यांना पोसतातही. सिस्टीन हा पेशीला लागणारा पोषक घटक आत घ्यायला सीएलएलच्या पेशी कमकुवत असतात. आधार पेशी ते घेतात, त्याचं सिस्टेईन, म्हणजे सहज आत घेता येणारं रूप, करून बाहेर सोडतात. त्यातून कर्करोगी पेशी ग्लुटाथायोन हे पेशीला जपणारं रसायन बनवते आणि औषधाचा मारा सोसते.

आता बशीबाहेरचा पुरावा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात भक्कम. इब्रुटिनिब ही सीएलएलवरची गोळी सुरू केल्यावर अनेक रुग्णांच्या गाठी झपाट्याने उतरतात, आणि त्याच वेळी रक्तातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात! औषधामुळे पेशींची पकड सुटते, त्या लसीका ग्रंथींतून रक्तात येतात. तिथे आधार नसतो, नव्या पेशी फारशा तयार होत नाहीत, आणि महिन्यांमागून महिने आकडा उतरत जातो.

एका बाबतीत तुमची शंका रास्त आहे. आसरा तोडला की रोग हटतोच असं नाही. अस्थिमज्जेतल्या रक्तवाहिन्यांना चिकटण्याची वाट अडवणारं युप्रोलेसेलॅन हे औषध उलटलेल्या एएमएलच्या (एका तीव्र ल्युकेमियाच्या) मोठ्या चाचणीत २०२४ मध्ये आयुर्मान वाढवू शकलं नाही. त्याने मलाही वाईट वाटलं. तीव्र ल्युकेमियात आसऱ्याच्या वाटा बऱ्याच आहेत, एक बुजवून भागत नाही.

तुमच्या काकांच्या रिपोर्टचं मात्र कळकळीने सांगतो. इब्रुटिनिब सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी वाढल्या, एवढ्यावरून गोळी लागू पडली नाही असं ठरवू नका आणि ती परस्पर बंद तर मुळीच करू नका. गाठी, प्लीहा, हिमोग्लोबिन, प्लेटलेट कसे आहेत, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.