'वॉर्म-अपचं नाटक' म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. अंगाच्या वजनावर ताकद वाढवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर आपली प्रतिक्रिया आली: "दहा मिनिटांचं हे वॉर्म-अपचं नाटक कशाला? पहिला सेट हळू मारला की झालं. स्वतः कधी बारला लटकलात का, की नुसतं वाचून लिहिता?" त्याखाली स्ट्रेचिंग, सेटचे आकडे आणि विश्रांती यांवर आणखी तीन हरकती.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण 'नाटक' आणि 'नुसतं वाचून' हे शब्द लागले. अनोळखी माणसाशी बोलायची ही कोणती रीत?

एक चूक आधी कबूल करतो. 'व्यायामाआधी स्ट्रेचिंग नकोच' असं मी सरसकट लिहिलं होतं. एकाच स्थितीत मिनिटभराहून जास्त ताणून धरलं तर त्यानंतर लगेच ताकद थोडी कमी पडते, वीस-तीस सेकंदांनी फारसं बिघडत नाही. ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता 'पहिला सेट हळू मारला की झालं' याबद्दल. (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवृत्त्या.) वजनं उचलणारा आधी रिकामा रॉड उचलतो, मग प्लेट चढवतो. आपल्या अंगावरच्या प्लेट कशा उतरवणार? साध्या पुशअपमध्ये शरीराचं सुमारे 64 टक्के वजन हातांवर असतं. गुडघे टेकले तर 49 टक्के. म्हणजे 70 किलोच्या माणसाच्या आखडलेल्या मनगटांवर पहिल्याच रेपला, म्हणजे पहिल्याच आवृत्तीला, जवळपास 45 किलो. हळू केल्याने ते कमी होत नाही, उलट जास्त वेळ पेलावं लागतं. पुलअपला, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढताना, तर जवळजवळ अख्खं अंग. एवढा साधा हिशेब तुम्ही केला नाहीत आणि मला वाचनावरून बोललात.

भार हलका करायचा तर कोन बदलावा लागतो. आधी भिंतीवर पुशअप, मग टेबलाच्या उंचीवर, मग जमिनीवर. तळवे टेकून बोटं पुढे, मग बाजूला, मग गुडघ्यांकडे, आणि मनगटांवर हळूहळू भार. बारला लटकून कोपर न वाकवता खांद्यांची पाती खाली ओढायची, आठ-दहा वेळा. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

आणि लटकण्याचं विचारलंत म्हणून सांगतो. चौदा वर्षं लटकतोय. पहिल्या वर्षी दोन महिन्यांत 3 पुलअपवरून 9 वर गेलो, आठवड्यातून पाच दिवस, वॉर्म-अप शून्य. मीही तुमच्यासारखाच बोलायचो. मग उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. ओला टॉवेल पिळताना कळ यायची, भरलेली बादली डाव्या हाताने उचलायचो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. आकडा वाढतोय म्हणून मी पुढे जात राहिलो, कंडरा मागेच राहिल्या. सात महिने बार सुटला. परतलो तो नेगेटिव्हने: स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद घेत खाली यायचं. एवढंच, कित्येक आठवडे.

वॉर्म-अप केला असता तर ते सगळंच टळलं असतं असं नाही, घाई हे मोठं कारण होतं. पण आज कोपर कुरकुरत असेल तर पाती ओढतानाच कळतं आणि त्या दिवशी मी पुलअप सोडून रोइंग (बुटक्या बारखाली तिरकं लटकून छाती बारकडे ओढणं) करतो. तेव्हा हे कळायची सोयच ठेवली नव्हती.

बाकीच्या हरकतींवर फार बोलण्यासारखं नाही. तिन्ही सेटमध्ये स्वच्छ आठ रेप झाले की पुढचा, जास्त अवघड प्रकार, हा मी वापरतो तो टप्पा. तुम्ही दहा ठेवा, पण शेवटच्या रेपला कंबर खाली झुकत असेल तर तो मोजू नका. विश्रांतीचं लेखात आहे, नीट वाचा.

पुन्हा जरूर लिहा. तुमच्या मनगटांचं आणि कोपरांचं काय चाललंय तेही लिहा, त्यावर बोलायला मला आवडेल. मात्र 'नाटक' हा शब्द पुन्हा आला तर उत्तर देणार नाही.