राईस ब्रान तेलातील ‘दहा ग्रॅम विष’: एका संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: तेलांतील वनस्पतिजन्य स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे घटक) कढईत तापले की त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, ते विषारी होतात, प्रयोगशाळेच्या अहवालानुसार राईस ब्रान (तांदळाच्या कोंड्याच्या) तेलाच्या एका किलोत असे दहा ग्रॅम विष असते, ते थेट रक्तवाहिन्यांत साचते, युरोपने त्यावर बंदी घातली आहे, म्हणून तळणासाठी फक्त साजूक तूप वापरावे. संदेशात तथ्याचा एक अंश आहे, आणि तेवढ्यासाठीच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे. निव्वळ थाप असती तर दुर्लक्ष पुरले असते.

प्रथम ते दहा ग्रॅम. राईस ब्रान तेलात वनस्पतिजन्य स्टेरॉलचे एकूण प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडे अधिक असते, म्हणजे किलोमागे सुमारे दहा ग्रॅम. अहवालातला आकडा हा आहे. तो सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल या मूळ घटकांचा आहे. त्यांच्या ऑक्सिडीकृत रूपांचा नाही. हे घटक डाळी, तीळ, शेंगदाणे, धान्ये या सगळ्यांत असतात आणि सामान्य आहारातून रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम पोटात जातात. एकूण स्टेरॉलचा आकडा विषाचा आकडा म्हणून लोकांपुढे ठेवणे हीच या संदेशातली सर्वांत गंभीर चूक आहे, कारण पुढची सारी भीती तिच्यावरच उभी आहे.

ऑक्सिडीकृत स्टेरॉल खरोखर मोजायचे असतील, तर काम बरेच अवघड होते. स्टेरॉलचा काही भाग मेदाम्लांशी जोडलेला असतो, त्यामुळे तो सुटा करण्यासाठी तेलाचे अल्कलीने साबणीकरण करावे लागते, म्हणजे तेल अल्कलीने फोडावे लागते. पण हे काम घाईने, उकळत्या अल्कलीत केले तर ७-कीटो प्रकारची ऑक्सिडीकृत संयुगे तिथेच मोडतात आणि आकडा खोटा उतरतो. म्हणून नमुना सामान्य तापमानाला, अंधारात, रात्रभर ठेवण्याची पद्धत आहे. उलट बाजूची अडचणही तितकीच मोठी असते: नमुन्यात मूळ स्टेरॉल त्याच्या ऑक्साइडांच्या (म्हणजे ऑक्सिडीकृत रूपांच्या) शेकडो पट असते, आणि हाताळणीत हवा व प्रकाश यांच्यामुळे त्याचा अगदी लहान अंश जरी ऑक्सिडीकृत झाला, तरी तेलात नसलेली ऑक्साइडे अहवालात दिसू लागतात. त्यासाठी ऑक्सिडीकरण रोखणारे प्रतिऑक्सिडीकारक मिसळतात, सुरुवातीलाच १९-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलसारखे अंतर्गत प्रमाणद्रव्य (तुलनेसाठीचा ज्ञात पदार्थ) ठरलेल्या मात्रेत घालतात आणि सिलिकाच्या स्तंभातून मूळ स्टेरॉल वेगळे काढतात. त्यानंतर संयुगे सहज बाष्परूप व्हावीत म्हणून त्यांना सिलिल गट जोडून नमुना गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर या संयुगे वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रांकडे जातो. प्रत्येक स्टेरॉलपासून ७-हायड्रॉक्सीची दोन रूपे, ७-कीटो, इपॉक्साइडची दोन रूपे आणि ट्रायॉल अशी किमान सहा संयुगे होतात. तीन स्टेरॉलची मिळून अठरा. त्यांचे आलेख एकमेकांवर चढतात, आणि यांपैकी अनेकांची शुद्ध प्रमाणद्रव्ये बाजारात सहज मिळत नाहीत. ज्या अहवालात साबणीकरण कसे केले आणि प्रमाणद्रव्य कोणते वापरले हे लिहिलेले नाही, त्यातल्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही, मग तो आकडा घाबरवणारा असो वा दिलासा देणारा.

‘तापताच विषारी’ हा दावाही टिकत नाही. तापमान, हवेशी संपर्क, वेळ आणि तेलाची जात या सगळ्यांवर ऑक्सिडीकरण अवलंबून असते. १८० अंशांना तास-दोन तास तापवल्यावर ऑक्साइडे स्पष्ट वाढतात, हे खरे. पण घरच्या फोडणीला मिनिटभर लागते. समजा, एखाद्याने दिवसाला ३० ग्रॅम राईस ब्रान तेल खाल्ले आणि त्यातल्या स्टेरॉलपैकी एक टक्का ऑक्सिडीकृत झाले, तर पोटात जाणारी मात्रा सुमारे ३ मिलिग्रॅम होते. ६० किलोच्या व्यक्तीसाठी किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. उंदरांवरच्या ९० दिवसांच्या चाचणीत ज्या मात्रेपर्यंत अपाय आढळला नाही, ती किलोमागे दररोज ५० मिलिग्रॅमच्या वर होती.

रक्तवाहिन्यांविषयी थोडक्यात. आहारातले निम्म्याच्या आसपास कोलेस्टेरॉल शोषले जाते. वनस्पतिजन्य स्टेरॉलच्या बाबतीत हे प्रमाण दोन टक्के किंवा त्याहूनही कमी असते, कारण आतड्यातील एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही प्रथिने ते परत बाहेर टाकतात. या प्रथिनांच्या जनुकांतील दोषामुळे रक्तात वनस्पतिजन्य स्टेरॉल साचण्याचा सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मीळ विकार मात्र वेगळा. त्या रुग्णांनी डॉक्टरांचाच सल्ला पाळावा. ऑक्साइडे मूळ स्टेरॉलपेक्षा काहीशी अधिक शोषली जात असल्याचे प्राण्यांमध्ये दिसले आहे, पण माणसाच्या रक्तात ती अत्यल्प प्रमाणात आढळतात. पेशींना इजा दाखवणारे प्रयोग त्याहून कितीतरी तीव्र द्रावणांवर झालेले आहेत.

युरोपविषयीचे विधान अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर बेतलेले दिसते. युरोपीय संघाने २००० मध्ये स्टेरॉल मिसळलेल्या, पावाला लावायच्या स्निग्ध पदार्थाला परवानगी दिली आणि २००४ मध्ये दिवसाला ३ ग्रॅमहून अधिक वनस्पतिजन्य स्टेरॉल घेऊ नयेत अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक केली. पुढे हेच पदार्थ स्वयंपाकात व बेकिंगसाठी वापरू द्यावेत असा अर्ज आला, तेव्हा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये तशा वापराची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, असे मत दिले. हे मत मला योग्य वाटते, कारण मुद्दाम भरपूर स्टेरॉल घातलेला पदार्थ तापवला, तर ऑक्साइडेही त्याच पटीत वाढतात. पण ते मत मिसळलेल्या स्टेरॉलबद्दल आहे, आपल्या कढईतल्या तेलाबद्दल नाही, आणि बंदी तर मुळीच नाही.

उरले तूप. तुपात वनस्पतिजन्य स्टेरॉल नसते, कोलेस्टेरॉल असते. दोघांच्या रेणूतला चार कड्यांचा सांगाडा सारखाच आणि ऑक्सिडीकरणही त्याच जागी होते. ‘द लॅन्सेट’मध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात भारतीय तुपाच्या नमुन्यातील स्टेरॉलपैकी सुमारे १२ टक्के ऑक्सिडीकृत आढळले होते. एका विश्लेषणावरून तुपाला दोषी ठरवणे चूकच. परंतु ज्या कारणासाठी तेल टाकायचे, तेच कारण तुपालाही लागू पडते, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने वाचकांपासून लपवली किंवा त्याला ती ठाऊकच नव्हती.

मुंबईत काळजी करायचीच, तर ती दिवसभर त्याच कढईत वडे, भजी आणि फरसाण काढणाऱ्या तेलाची करावी. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल मोडून तयार होणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, आणि ती ओलांडलेले तेल वापरता येत नाही. ही चाचणी स्टेरॉलची ऑक्साइडे वेगळी दाखवत नाही. मोडलेल्या तेलाचा एकत्रित अंदाज देते. फार वेळ तापलेल्या तेलात ती ऑक्साइडे एकमेकांना जोडून मोठे रेणू बनवतात आणि नेहमीच्या विश्लेषणात कमी दिसतात, त्यामुळे कळकट झालेल्या तेलासाठी हे एकत्रित मोजमापच अधिक उपयोगी पडते. हातात धरायच्या मापकाने ते दुकानातच काही मिनिटांत करता येते.