फाशीच्या कैद्यांचा ‘शो’ मागणाऱ्या मेसेजला उत्तर

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक क्लिप फिरते आहे. देवगडकडच्या कॉलेजच्या मुलांनी बसवलेल्या एकांकिकेतला तो तुकडा. एक चॅनेल फाशी यार्डातल्या चार कैद्यांवर रिअ‍ॅलिटी शो करतं. शेवटचं जेवण स्वतः रांधायचं हा टास्क. आईला फोन करू द्यायचा की नाही, ते प्रेक्षक ठरवणार. ज्याला सर्वांत कमी मतं, त्याला दोर आधी. आणि त्या दोरालाही प्रायोजक!

क्लिपखाली मजकूर आहे: ‘नाटकात कशाला? सरकारने हे खरोखर सुरू करावे. १) भीती बसेल, गुन्हे थांबतील. २) कोर्टात वर्षानुवर्षे जातात, जनता एका रात्रीत न्याय करेल. ३) त्यांना मरायचेच आहे, त्यांची संमती घ्या. ४) पीडितांच्या घरच्यांना समाधान आणि पैसा मिळेल. ५) परदेशात असे चालते. सहमत असाल तर पुढे पाठवा.’

पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चांगली, कष्टाळू माणसं आहेत. म्हणूनच हे उत्तर लिहितो आहे.

आधी क्लिपबद्दल. ती कापलेली आहे. मी ती एकांकिका पूर्ण पाहिली आहे. शेवटच्या प्रवेशात एका कैद्याच्या निर्दोष सुटकेचा आदेश येतो आणि निर्माता तो खिशात घालतो, कारण अंतिम भाग अजून व्हायचा असतो. सगळं नाटक या एका प्रवेशासाठी उभं आहे आणि नेमका तोच गाळलाय. मुलांनी ज्या गोष्टीची किळस यावी म्हणून जीव ओतून काम केलं, तीच त्यांच्या तोंडी मागणी म्हणून फिरते आहे. हा त्या मुलांवर अन्याय आहे.

आता मुद्दे. सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण सगळ्यांत घातक तोच आहे.

‘जनता एका रात्रीत न्याय करेल.’ जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. त्या दिवशी टीव्हीवर मतं मागवली असती, तर निकाल काय लागला असता हे सांगायला ज्योतिषी नको. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघाला. तोवर आयुष्यातली सोळा वर्षं गेली होती.

मेसेज ज्या वर्षानुवर्षांना शिव्या घालतो, त्या वर्षांनीच हे सहा जीव वाचवले. पुण्याच्या १९९४ मधल्या एका खून खटल्यातला फाशीचा कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं. तोवर तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या शिक्षांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांच्या आसपास. जवळपास तीस टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. त्याच अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं आर्थिकदृष्ट्या दुबळी निघाली. ज्याला चांगला वकील लावता येत नाही, त्याला एसएमएसची मतं कोण मिळवून देणार?

कोर्टाच्या दिरंगाईचा राग मला कळतो. ओरोसच्या न्यायालयात तारखांसाठी एसटीने हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या रागाचं उत्तर जादा न्यायाधीश, वेळेवर होणारा तपास आणि प्रयोगशाळेचे लवकर येणारे अहवाल हे आहे. कॅमेऱ्याने यातलं काहीच होत नाही.

‘भीती बसेल.’ हा प्रयोग जगाने शेकडो वर्षं केला आणि मग बंद केला. बंद करणारी सरकारं फाशीच्या विरोधातली नव्हती, हे लक्षात घ्या. १८६८ मध्ये इंग्लंडने चौकातली फाशी थांबवली, तुरुंगाच्या आतली चालूच ठेवली. अमेरिकेतली शेवटची सार्वजनिक फाशी १४ ऑगस्ट १९३६ ला केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावात झाली. वीस हजारांच्या आसपास गर्दी लोटली. त्या गर्दीची देशभर एवढी छीथू झाली, की दोन वर्षांत त्या राज्याने कायदाच बदलला. फ्रान्समध्ये जून १९३९ मध्ये व्हर्सायच्या रस्त्यावर गिलोटीन चाललं, लोकांनी चोरून त्याचं चित्रीकरण केलं आणि आठवड्याभरात सरकारने जाहीर शिरच्छेद कायमचा बंद केला. गर्दी भ्यायला येत नाही, बघायला येते, हे त्या सरकारांना दिसलं. आपल्या विधी आयोगानेही ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात लिहिलंय, की जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो याला पुरावा नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात येऊनही गेलाय. जयपूरच्या मैदानावर, आधी जाहिरात करून, सर्वांसमक्ष फाशी द्या असं राजस्थान उच्च न्यायालय म्हणालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते साफ फेटाळलं. गुन्हा रानटी आहे म्हणून शिक्षाही रानटी द्यायची नसते आणि जाहीर फाशी जगण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या २१ व्या कलमाचा भंग करते, हे त्या निकालाचं सार. म्हणजे मेसेज सरकारकडे जे मागतो, ते करणं सरकारच्या हातातच नाही.

संमतीच्या मुद्द्याला फार जागा देत नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फाशीच्या दोन कैद्यांची मुलाखत घ्यायला पत्रकारांना परवानगी मिळाली, ती कैदी तयार असतील तर, या अटीवर. मुलाखतीत माणूस गप्प बसू शकतो, उठून जाऊ शकतो. जिथे हरलं की दोर आधी, तिथे ‘हो’ म्हणणाऱ्याला दुसरा रस्ता कुठला?

‘परदेशात चालते.’ चीनच्या हेनान प्रांतात २००६ पासून मृत्युदंडाच्या तोंडावर असलेल्या कैद्यांच्या मुलाखतींचा साप्ताहिक कार्यक्रम होता, दोनशेहून जास्त कैदी त्यात आले, हे खरं आहे. तो २०१२ मध्ये बंद झाला, हे मेसेजमध्ये नाही. मार्च २०१३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने चार कैद्यांना शिक्षेसाठी नेतानाची दृश्यं थेट दाखवली, तेव्हा चिनी लोकांनीच त्यावर टीका केली. अमेरिकेत २००१ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटातल्या गुन्हेगाराच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी ठरावीक ठिकाणीच दिसणाऱ्या बंद वाहिनीवरून दाखवली, ती फक्त वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातलगांना. ती इंटरनेटवर दाखवू इच्छिणाऱ्या कंपनीला कोर्टाने परवानगी नाकारली.

एका जाणत्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘आमी दशावतारात दर जत्रेक संकासुराक मारतोच मां? पोरां बगतत, तेंका काय झाला?’ प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही मनापासून देतो. संकासुराचं काम करणारा पहाटे रंग पुसतो, चहा घेतो आणि पुढच्या गावच्या जत्रेला निघतो, हे पोरांना माहीत असतं. काळ्या वेशातल्या त्या संकासुरावर पोरांचा जीव असतो, त्याच्या फजितीवर ती लोळून हसतात. त्यात कोणी मरत नाही, म्हणूनच ते बघता येतं. पडद्यावर खरा माणूस खरोखर मरणार असेल, तर त्याला दशावताराचं नाव लावू नका.

उरला पीडितांच्या घरच्यांचा मुद्दा. मेसेजमध्ये तो चौथा आहे, माझ्यासाठी पहिला. अशा शोमध्ये त्या घरातल्या आईला प्रत्येक भागात बोलावणार, तिच्या मुलीचा फोटो दर जाहिरातीआधी लावणार आणि खुन्याचं बालपण मंद संगीतावर दाखवणार. मतांसाठी हे करावंच लागतं. आरोपी लोकांचा लाडका होईल आणि ती आई घरात बसून ते बघेल. समाधान ते कुठलं? पैशाचं म्हणाल, तर त्यासाठी शो लागत नाही. गुन्ह्यातल्या पीडितांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. हे कार्यालय रत्नागिरीत आहे, सिंधुदुर्गात ओरोसला आहे आणि तिथे पात्र असणाऱ्यांना वकीलही मोफत मिळतो. आपल्या गावात असं घर असेल, तर त्यांच्यासोबत तिथवर जा, कागद भरायला मदत करा. आणि क्लिप पाठवायचीच असेल, तर मुलांकडून पूर्ण एकांकिका मागून घ्या, शेवटच्या प्रवेशासकट.