‘चिलर म्हणजे लहान फ्रिजच’ या फॉरवर्डला उत्तर

मोठे फिश टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं मशीन) म्हणजे लहान फ्रिजच, वेगळं वायरिंग लागत नाही. चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, पंप-हीटर-चिलर सगळं त्यावर चालतं. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा ब्रेकर) असेल तर आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा) काढून टाका, तो उगाच पडतो आणि मासे मरतात. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहेच. यातला तिसरा सल्ला माणसाचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे सर्वांत जास्त त्याच्याबद्दलच लिहितोय.

आधी फ्रिजचं. अर्धा एचपीचा चिलर साधारण 400 ते 600 वॉट घेतो, म्हणजे चालू असताना जेमतेम 2 ते 3 अँपिअर. एवढ्यावरून 6 अँपिअरचा पॉइंट पुरेल असं वाटतं. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-सहा पट करंट ओढतो आणि प्रत्येक वेळी तो झटका खटक्याच्या आणि सॉकेटच्या पत्र्यांवर बसतो. शिवाय फ्रिजचा डबा इन्सुलेटेड असतो, टाकी उघड्या काचेची. 400 लिटर पाणी एक अंशाने उतरवायचं तर जवळपास अर्धा युनिट उष्णता काढावी लागते, आणि मे महिन्यात खोली 33 अंशांवर असताना पाणी 26 वर ठेवायचं म्हणजे मशीन दिवसाचे कित्येक तास चालणार. दहा तास धरले तरी रोजचे 5 युनिट.

म्हणून डीबीपासून (घरातल्या ब्रेकरच्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन ओढावी. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्हीला अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सी प्रकारचा (सुरुवातीचा झटका सोसणारा) ब्रेकर आणि 16 अँपिअरचं सॉकेट. एक एचपीचा चिलर असेल आणि डीबी लांब असेल तर एसीला टाकतो तशी चार स्क्वेअर. घेण्याआधी नेमप्लेट वाचा. परदेशातून आलेल्या जुन्या मशीनवर 115 व्होल्ट किंवा फक्त 60 हर्ट्झ लिहिलेलं असेल तर ते इथल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झसाठी नाही. घरात दोन एसी आणि गिझर आधीच असतील तर वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या. पुरवठा बेस्टचा असो, अदानीचा, टाटाचा की महावितरणचा, भार वाढवण्यासाठी अर्ज करता येतो. काम मात्र लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड कितीही ‘चांगला’ असला तरी त्याची वायर बहुतेकदा पाऊण किंवा एक स्क्वेअरची असते, आणि तो जाऊन बसतो टाकीखालच्या कपाटात, सगळ्यात दमट जागी. मरीन टँक असेल तर मिठाचा पांढरा थर वायरीवरून सरकत सॉकेटच्या भोकापर्यंत पोहोचतो. खटका बंद करून पिन काढून पाहा: पितळ काळवंडलेलं असेल किंवा भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तिथे उष्णता साठते आहे. सॉकेट टाकीच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर घ्या. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशीच गळून पडतं.

आता आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलीअँपिअर. छातीतून 100 मिलीअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला की क्षणात पडतो. पंपाचं सील गेलं किंवा हीटरची काच तडकली की पाण्यात फेज उतरतो, आणि ओल्या लादीवर उभं राहून टाकीत हात घालणारा त्याची वाट बनतो.

तो ‘उगाच’ पडत नाही, कुठेतरी गळती असते. शोधायची तर टाकीच्या सगळ्या पिना उपसा. खटका बंद करून भागत नाही, कारण तो फक्त फेज तोडतो. मग एकेक पिन लावत जा, ज्या उपकरणाला पडेल तेच दोषी. सगळ्या पिना काढूनही पडत असेल तर वायरिंगमध्ये ओल आहे किंवा दुसऱ्या लाइनचं न्यूट्रल मिसळलंय. पावसाळ्यात असं बऱ्याचदा होतं.

मासे मरण्याची भीती मात्र खरी आहे. तिचा उपाय टाकीला दोन वेगळे आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. पहिल्यावर चिलर आणि त्याला पाणी देणारा पंप, म्हणजे पंपाची लाइन पडली तर चिलरही थांबतो आणि कॉइलमध्ये बर्फ धरत नाही. दुसऱ्यावर रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टाकीत परत टाकणारा) आणि हवेचा पंप. दोन्ही घराच्या मुख्य आरसीसीबीच्या आधून घ्या, नाहीतर गळती झाली की तोही पडतो आणि दुसरी लाइनही जाते.

अर्थिंग जुन्या इमारतींत कित्येकदा तिसऱ्या भोकापुरतंच असतं. वायरमनला नव्या सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये 60 वॉटचा पिवळा बल्ब लावायला सांगा. आरसीबीओ ताबडतोब पडला तर तो ठीक आहे आणि अर्थ जोडलेला आहे. बल्ब पेटून राहिला तर आरसीबीओ निकामी. काहीच झालं नाही तर अर्थ जोडलेलाच नाही. पुढे महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा.

इन्व्हर्टरचं उत्तर सोपं आहे. घरगुती 900 व्हीएचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा पहिला झटकाच सोसत नाही. त्यावर हवेचा पंप द्या, कारण तासा-दोन तासांत 400 लिटर पाणी फारसं तापत नाही, मासे आधी गुदमरतात. लाईट आल्यावर चिलर तीन ते पाच मिनिटं थांबून सुरू झाला पाहिजे. आतला दाब उतरण्याआधी कॉम्प्रेसर फिरू शकत नाही, जाम होऊन तापतो. ही सोय मशीनमध्ये नसेल तर डिले टाइमर बसवा, आणि 10 अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर चिलर चालू-बंद करू नका. त्याच्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग तो बंदच होत नाही.