सगळं उन्हावर ढकला

गाडी पंधरा वर्षांची आणि मुक्काम सोलापूर? मग फिटरकडं जाताच कशाला? इथं गाडीच्या कुठल्याही दुखण्याला दोन आरोपी कायम हजर असतात: ऊन आणि रस्ता.

स्पीडब्रेकरवर पुढून ‘खट्’ वाजलं, की रस्त्याला एक शिवी हासडा आणि पुढं चला. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट या चाकामागच्या झिजणाऱ्या भागांची नावंही काढू नका. बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी लगेच शांत न होता डोलतच राहिली, तर फिटर म्हणेल शॉकअप गेले. तुम्ही म्हणा, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचे पैसे वाचले. पुढचं टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालंय? असू दे, बाहेरून नक्षी दिसतेय ना!

धुराचं शास्त्र मात्र चुकूनही शिकू नका. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर झटकून बघा, निम्मा जिल्हा निघेल. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, आत जळायला चाललंय. एवढं कळलं तर झोप उडते. त्यापेक्षा आरसा जरा वर करा. मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल बांधूनच असतो.

ऑइलचं झाकणही उघडू नका. खाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेल्याचा संशय येतो. थंड हवेत असा थर दमटपणानंही धरतो म्हणे, पण मे महिन्यात सोलापुरात दमटपणा आणायचा कुठून?

आमचे दाजी या शास्त्रातले आचार्य. तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, तर म्हणाले, “बेचाळीस डिग्रीत माणूस तापतोय, गाडी काय बर्फाची आहे?” चढ संपेपर्यंत एसी चालू. मग बॉनेटमधून वाफ आली. सीटवरच्या सोलापुरी चादरीची घडी हातात धरून ते गरम रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेव्हा ताईनं मागून शर्ट धरला म्हणून हात वाचला. इंजिनचं हेड मात्र वाकलं.

गॅरेजात फिटरनं फ्यूज काढून दाखवला. जळालेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

“सायेब, रेडिएटरचा पंखा फिरत होता का?”

“पंखा कशाला?” दाजी म्हणाले. “घाटात वारा होता की!”