"ताई, ह्याचा ट्रॅक नाही मिळत"

आज दुपारी एका मयतीला जाऊन आलो. बेळगावजवळच्या खानापूरकडचं गाव, नाव लिहीत नाही, आपल्यातल्यांना कळेलच. आंघोळ झाली, चहा झाला, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय. लांबण लागणार, आधीच सांगतो.

गेलेल्या काकू महिला मंडळातल्या जुन्या. त्यांच्या मुलीच्या हातात काकूंचं 'उपासना संगीत' हे चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक होतं, कव्हर सुटलेलं, दोऱ्यानं बांधलेलं, आणि एका पानात खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट. त्या पानावर गाण्याच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, "माझ्या वेळेला हे म्हणा". ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गाणं. ती पोरगी ते पान उघडून गाणी घेणाऱ्या पोराकडे गेली. त्यानं फोनवर रेकॉर्ड केलेलं संगीत शोधत दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, ह्याचा ट्रॅक नाही मिळत."

झालं. विषय संपला. मग ब्लूटूथ स्पीकरवर एक हिंदी विजयगीत लागलं, मागे धाड धाड ड्रम, आणि आम्ही सगळे पाया पडायला आल्यासारखे हात बांधून गप्प उभे. शवपेटी खड्ड्यात उतरतेय आणि वरून डिस्को.

अरे ट्रॅक नाही म्हणून गाणं नाही? तिथं उभ्या असलेल्या निम्म्या बायकांना ते गाणं तोंडपाठ होतं रे! नुसती पहिली ओळ कुणी उचलली असती तरी बाकीचं आपोआप आलं असतं. पण माईक ज्याच्या हातात त्याचं राज्य.

अशा वेळी मला आमचे मास्तर आठवतात. नव्या पोरांना माहीत नसतील. ते शाळेत शिपाई होते, पण रविवारी चर्चमध्ये हार्मोनियमच्या पेटीवर बसायचे म्हणून अख्खी मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, मास्तर म्हणायची, शाळेतले खरे मास्तरसुद्धा. मी लहानपणी त्यांच्या शेजारी झांज घेऊन बसायचो. आमच्या मंडळीत तेव्हा एक कन्नड घर होतं, बैलहोंगलकडून बदली होऊन आलेलं. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. मास्तरांचं कन्नड बाजारापुरतं, भाजीचा भाव करण्याएवढं. तर हा माणूस रात्री सायकल काढून एका ओळखीच्या कन्नड कंडक्टरच्या घरी गेला, त्याच्याकडून एक कन्नड गाणं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला देवनागरीत उतरवून आणलं, चाल तिथंच बसून घोकली आणि सकाळी कबरस्थानात गोणपाटावर पेटी ठेवून गायला. उच्चार सगळे आमच्या मराठीच्या वळणाचे, मोडकेतोडके. त्या मुलाची आई आदल्या दिवसापासून एक शब्द बोललेली नव्हती. दुसऱ्या कडव्याला ती गायला लागली.

आता मला सांगा, ह्याचा ट्रॅक कुठल्या चॅनेलवर मिळणार होता?

माझं म्हणणं एवढंच आहे की उपासनेतलं गाणं चांगलं झालं की नाही हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं नसतं, मंडळी गायली का ते बघायचं. मंडळी गायली नाही तर तो कार्यक्रम झाला, उपासना नाही. बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिलं ना, आत्म्यानेही गाईन आणि बुद्धीनेही गाईन. बुद्धी लावायची म्हणजे काय, तर आधी आजचं वचन कुठलं आहे ते पाळकसाहेबांना विचारायचं, दिवस कुठला आहे ते बघायचं, आणि समोर कोण बसलंय ते बघायचं. उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) टाळ्या वाजवायची गाणी आणि प्रभुभोजनाच्या वेळी नाचायची, असं आमच्याकडं चाललंय आणि कुणी बोललं की "अंकल, व्हाइब महत्त्वाची". व्हाइब म्हणे.

आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा सूर किती वर धरायचा ते! ह्यावर तर मी वेगळी पोस्ट लिहीन. पोरगा स्वतःच्या गळ्याला बरी म्हणून पांढरी चार ही उंच पट्टी धरतो, धृपद थेट वरच्या गंधारावर, त्याचा आवाज पंचविशीतला, जातो. मागच्या बाकावरच्या बाप्यांचं काय? ते पहिल्या ओळीला तोंड उघडतात, दुसऱ्या ओळीला बंद करतात आणि मग छताकडे बघत बसतात. म्हाताऱ्या बायका खालच्या सप्तकात उतरायला बघतात तर तिथं आवाज लागत नाही. ह्या कीबोर्डवर पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण असतं रे, एक बोट लागतं, मास्तरांना अख्खी बोटं बदलायला लागायची. त्या मुलाच्या मयतीला त्यांनी पांढरी एक धरली होती, नेहमीच्या काळी एकच्या पण खाली. मी घरी येताना विचारलं, मास्तर आज एवढं खाली का? म्हणाले, "रडलेल्या माणसाचा गळा वर जात न्हाई रे."

कुठल्या क्लासमध्ये शिकवतात हे?

बरं, काहीजण आता लगेच म्हणतील की पेटी तरी कुठं आपली, ती पण फ्रान्समधून आली. मान्य, आली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिला बाहेर काढलं होतं, पार १९७१ पर्यंत, आपल्या गाण्याला शोभत नाही म्हणून. आणि त्याच पेटीवर आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरेंनी आयुष्य घालवलं, त्यांच्याकडे शिकायला लांबून माणसं यायची. वाद्य परकं की आपलं ह्या भानगडीत मी पडतच नाही. पोप दहाव्या पायसनं १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानो आणि ड्रम वाजवायला बंदी घातली होती, आणि पुढं १९६३ मध्ये त्यांच्याच व्हॅटिकन परिषदेनं लोकांच्या भाषेला आणि लोकांच्या संगीताला दार उघडलं, कॅम्पमधले आमचे कॅथलिक दोस्त हे माझ्यापेक्षा जास्त सांगतील. ख्रिसमसला आपण सगळे जे 'सायलेंट नाइट' म्हणतो ते १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात पहिल्यांदा गिटारवरच म्हटलं गेलं. तेव्हा गिटारशी माझं भांडण नाही. ड्रमशीही नाही, स्तोत्र १५० मध्ये डफ-झांजा सगळं आहे, म्हणून तर मी झांज वाजवत होतो.

माझं भांडण ट्रॅकशी आहे. ट्रॅक थांबत नाही हो. आमच्या चर्चच्या भिंती दगडी, वर उंच छप्पर, आवाज फिरून येतो, मागच्यांना ओळ उशिरा पोचते, त्यात कुणी चष्मा शोधतंय, कुणी पान उलटतंय, ट्रॅकला त्याचं काय? तो आपला पुढे. मास्तर कडव्याच्या शेवटी भाता नुसता हळू दाबून सूर धरून ठेवायचे, नजर मागच्या बाकांवर, बायकांनी श्वास घेतला की मग बोटं हलायची. कबरस्थानात त्या आईसाठी तर त्यांनी एकच ओळ परत परत घेतली, ती पुढच्या शब्दावर येईपर्यंत. मला झांज वाजवू नको म्हणून डोळ्यांनीच खुणावलं होतं.

हे लिहिताना राग जरा उतरलाय. खरं सांगायचं तर ती पोरं वाईट नाहीत. भर उन्हात स्पीकर खांद्यावर घेऊन आली होती, बाकीची त्यांच्या वयाची फोनवर रील बघत घरी होती, हे मान्य करायला पाहिजे. त्यांना कुणी शिकवलंच नाही. मास्तर गेल्यावर पेटी कपाटावर चढली ती चढलीच. मास्तर पण काही साधू नव्हते म्हणा, एकाचा सूर चुकला की भर उपासनेत डोळे वटारायचे, दोन चांगली पोरं त्यामुळंच गाणं सोडून गेली.

पण "जुनी गाणी कळत नाहीत" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. काही शब्द जड आहेत, असू देत, हिंदी गाण्यातलं सगळं कळतं का तुम्हाला? टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये गेले, तेवढ्या वर्षांत त्यांनी अभंग, भजनं, कीर्तनं लिहिली ती कशासाठी? साहेबांच्या चालीवर इंग्रजी गाण्यांची मराठी भाषांतरं ओढूनताणून म्हणणाऱ्या लोकांना मनापासून गाता यावं म्हणून. त्यांच्याही आधी, चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं १६१६ मध्ये मराठी ओव्यांत अख्खं 'ख्रिस्तपुराण' छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. परक्या देशातून आलेल्याला कळलं की इथली माणसं ओवीत देवाला भेटतात, आणि आम्हाला यूट्यूबवर सापडलं नाही की ते गाणंच नाही!

आणि कुणी ह्याला मराठीच्या वादात ओढू नका, त्यासाठी दुसऱ्या पोस्टी भरपूर आहेत. मास्तरांनी कन्नड गायलं तेव्हा पण आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली होती. ते दिवस सीमावादात दुसऱ्या भाषेतल्या बोर्डांना डांबर फासायचे. एकजण तर कबरस्थानाच्या गेटवरच म्हणाला, आपल्या मंडळीत कन्नड कशाला. मास्तर पेटी सायकलला बांधत होते, वर न बघता म्हणाले, "ती आई कुठल्या भाषेत रडूलालीय, ऐकलास काय?" तो माणूस पुढं कितीतरी वर्षं मंडळीत होता, मास्तरांसमोर त्यानं परत कधी हा विषय काढला नाही.

संत ऑगस्टिननं लिहून ठेवलंय की शब्दांपेक्षा आवाजानंच मन जास्त हललं तर मला अपराधी वाटतं, त्यापेक्षा गाणं न ऐकलेलं बरं. मी एवढा कडक नाही. मला चांगला आवाज आवडतो, चांगला तबला आवडतो, ते ड्रमपॅडवालं पोरगं तर लयीला पक्कं आहे, खोटं कशाला बोलू. त्याच्या हातात ढोलकी दिली पाहिजे एवढंच.

तर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी चर्चमध्ये बसतोय. रविवारचं वचन पाळकसाहेबांकडून घेतलंय. पेटीच्या भात्याला चीर पडलीय, ती उद्या चिकटवून घेतो. आमच्या ढोलकीची शाई गेलीय, कुणाकडे बरी असेल तर आणा. कन्नड गाणं नीट म्हणणारं कुणीतरी पाहिजे, मला फोन करा. स्पीकर आणू नका. चहा माझ्याकडून.